पाच वाजून सात सेकंद

विद्यापीठाची वेळ मी सांभाळते, असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे घंटा देता का?" घंटा देणाऱ्याकडे निदान घंटा तरी असते. माझ्याकडे तळघरातली एक खोली आहे, खोलीत फ्रीजएवढं एक कपाट आहे, कपाटात बुटाच्या खोक्याएवढं एक यंत्र आहे आणि यंत्रावर एक हिरवा दिवा आहे. तो लुकलुकत असला की माझं काम चाललंय असं समजायचं. मी तिथे असले काय आणि नसले काय.

त्याचं असं आहे की प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात स्वतःचं एक घड्याळ असतं. कॉम्प्युटर कितीही महागाचा घ्या, हे घड्याळ आपलं स्वस्तातलंच. त्यामुळे कुठलं दिवसाला दोन सेकंद पुढे पळतं, कुठलं तीन सेकंद रेंगाळतं. एका घरातली भावंडं, पण एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. म्हणून मग एका शहाण्या यंत्राने वर आकाशातल्या उपग्रहांना वेळ विचारायची आणि विद्यापीठातल्या बाकी सगळ्या कॉम्प्युटरांनी दर थोड्या वेळाने या शहाण्याला विचारायचं, "किती वाजले गं?" त्याने न वैतागता सांगायचं. दिवसाकाठी काही लाख वेळा. नीट चाललं तर असं काही चालतं हे कुणाच्या गावीही नसतं; बिघडलं की सगळे जिन्यावरून ओरडत खाली येतात. घरातल्या बाईची आणि या यंत्राची कुळी एकच.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी इथे लागले टायपिंगला, अकरा महिन्यांच्या करारावर. तो करार संपला की मला एक दिवस कामावरून काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेतात. त्या एका दिवशी मी घरची माळ्यावरची भांडी उतरवून घासते. अशी अकरा वर्षं झाली. आमची भांडी लखलखीत आहेत. बाकी सगळं मी यंत्रांबरोबर आलेली पुस्तकं वाचून आणि यंत्रं बंद पाडून शिकले. बंद पाडण्याने जास्त शिकता येतं.

या वेळेच्या भानगडीची सुरुवात आमच्या संगणक केंद्राच्या प्रमुखांच्या एका पत्राने झाली. त्यांनी कुणाला तरी ईमेल पाठवलं आणि त्याचं उत्तर त्यांना पत्र पाठवण्याच्या दोन मिनिटं आधी आलं. निदान तारीखवेळ तसं सांगत होती. प्रमुख दोन दिवस अस्वस्थ होते. त्यांना वाटलं, कुणीतरी आपल्या मनातलं वाचतंय. मी सांगितलं, "सर, तसं नाही, दोन्हीकडची घड्याळं जुळत नाहीत." त्यांना एवढं हायसं वाटलं की ते म्हणाले, "मग जुळवा ना." जुळवा ना! मुलीचं स्थळ असल्यासारखं.

यंत्र आलं. त्याला आकाश दिसायला हवं, म्हणून छोट्या वाटीएवढा एक अँटेना गच्चीवर लावायचा होता. गच्चीची किल्ली इमारत विभागाकडे. त्यांचा छापील अर्ज होता: गच्चीवर जाण्याचं कारण — टाकी, गळती, इतर. मी सरळमार्गी बाई, 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'आकाश दिसण्यासाठी.' आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर शेरा होता: 'आकाश या विभागाच्या अखत्यारीत येत नाही.' मग मी दुसरा अर्ज घेतला आणि 'गळती'वर खूण केली. तासाभरात किल्ली मिळाली.

अँटेना लागला. पण दुसऱ्या दिवशी गळती दुरुस्त करायला तीन माणसं आली. त्यांनी गळती शोधली, ती सापडेना. रिकाम्या हाताने परत जायचं तर अहवालात काय लिहायचं? म्हणून त्यांनी संशयित जागी थोडं फोडलं. तेव्हापासून तिथे खरंच गळतं, आणि नेमकं प्रमुखांच्या टेबलावर. त्यानंतर प्रमुख माझ्याशी बोलताना नेहमी आधी वर बघत आणि मग माझ्याकडे.

वॉचमनकाका मात्र प्रेमळ माणूस. गच्चीवर पक्षी त्या वाटीवर बसून घाण करतात हे त्यांना बघवेना. त्यांनी कुणाला न सांगता तिच्यावर एक पत्र्याचा डबा पालथा घातला. खाली माझ्या यंत्राला आकाश दिसेनासं झालं. हिरवा दिवा लाल झाला. मी चार दिवस वायर तपासली, पुस्तक तपासलं, यंत्राच्या मागे झोपून त्याचं बूड तपासलं. पाचव्या दिवशी गच्चीवर गेले. "काका, हा डबा?" "बाई, तुमचंच आहे ना ते? म्हटलं, खराब नको व्हायला." त्यांना काय बोलणार? मी डबा काढला. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो पुन्हा घातला. या वेळी धुऊन घातला.

असं करत करत यंत्र सुरळीत झालं, आणि मग फोन सुरू झाले. कारण आता सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच वेळ दिसायला लागली होती आणि ती कुणाच्याही मनगटावरच्या वेळेशी जुळत नव्हती. ग्रंथालय म्हणे, "तुम्ही दोन मिनिटं मागे आहात." वसतिगृह म्हणे, "तुम्ही तीन मिनिटं पुढे आहात." मी सांगायची, "मी आकाशाप्रमाणे आहे." तर वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, "आकाशाला काय जातंय बोलायला?"

एवढ्या सगळ्यानंतर, दीड वर्षाने, ती जाहिरात निघाली. कायम तंत्रसहायकाची एक जागा. माझीच जागा म्हणा, फक्त कायम. त्यात वयाची अट होती, आणि त्या अटीत मी यंदा बसत होते, पुढच्या वर्षी नाही. म्हणजे ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. घरात ही बातमी फुटल्यावर आमचे हे मला दोन दिवस चहा आणून देत होते. सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, "आता तिला मधेच काढत नाहीत हो, भांडी घासायला बाई लावावी लागेल."

अर्ज ऑनलाइन. शेवटची वेळ: सायंकाळी पाच. अर्जाची खिडकी माझ्या यंत्राच्या वेळेवर बंद होणार होती. पाच म्हणजे पाच. उशिरा आलेल्यांना पडद्यावर जो निरोप दिसणार होता तोही मीच टाइप केला होता, कारण परीक्षेच्या अर्जांच्या वेळी लोक फार हुज्जत घालायचे. निरोप असा: 'क्षमस्व. मुदत संपली आहे. ही वेळ अचूक आहे, कृपया वाद घालू नये.' तेव्हा मला तो फार बाणेदार वाटला होता.

मी अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवते. अर्ज आठ दिवस तयार होता. अनुभवाच्या दाखल्यावर प्रमुखांची सही हवी होती आणि प्रमुख बैठकीत होते. आठही दिवस. शेवटच्या दिवशी पावणेपाचला त्यांनी सही केली. आधी वर बघितलं, मग सही केली. मी तळघरात धावले. दाखला स्कॅन केला, तर तो मोठा झाला, लहान केला, तर सही दिसेना, मधला केला. चार अठ्ठावन्न. सगळे रकाने भरले. चार एकोणसाठ. फक्त 'सादर करा' दाबायचं बाकी.

आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं, यंत्र बरोबर चाललंय ना?

का आलं ते मला विचारू नका. सासूबाईंनी विचारून झालंय. पण कुणाचा तरी अर्ज माझ्या चुकीने परत जायला नको, असं वाटलं. वॉचमनकाकांनी पुन्हा डबा घातला असेल आणि यंत्र आंधळं होऊन भलतीच वेळ सांगत असेल तर? मी अर्ज तसाच ठेवला, दुसरी खिडकी उघडली, उपग्रह मोजले. नऊ दिसत होते. चूक पाहिली. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या दोनांपेक्षा कमी. इतकं सुंदर ते दीड वर्षात कधी चाललं नव्हतं. मला फार बरं वाटलं. मी समाधानाने परत आले आणि बटण दाबलं.

'क्षमस्व. मुदत संपली आहे. ही वेळ अचूक आहे, कृपया वाद घालू नये.'

पाच वाजून सात सेकंद.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "अगं, सात सेकंदांत माणसाची चप्पलसुद्धा घालून होत नाही." सासूबाई व्यवहारी. त्या म्हणाल्या, "घड्याळ तुझंच ना? मग कर की मागे."

"आई, तसं नाही करता येत."

"का? काटे नाहीत त्याला?"

बातमी जिन्यात गेली. समोरच्या काकू रुमालाखाली काहीतरी गोड घेऊन आल्या, दु:खाच्या घरी आणतात तसं. त्यांच्या भाचीचंही असंच झालं होतं म्हणे, फक्त तिची बस चुकली होती आणि नंतर दुसरी मिळाली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर जातीने खाली आले. त्यांना अर्ज लिहिण्याचा षौक आहे. नळाला पाणी कमी आलं तरी ते चार पानी लिहितात. त्यांनी माझं अपील तयार केलं. त्याचं पहिलंच वाक्य होतं, 'महोदय, सात सेकंद हा कालावधी एका सर्वसाधारण शिंकेच्या पूर्वतयारीएवढा असून...' मी म्हणाले, "काका, मला शिंक आली नव्हती." ते म्हणाले, "त्यांना कुठे माहीत आहे?" शेवटी शिंक काढली आणि बाकी तसंच ठेवून अपील दिलं.

पंधरा दिवसांनी अपिलावर शेरा आला: 'घड्याळ बरोबर होते किंवा कसे, याबाबत वेळयंत्रणेच्या प्रभारींचा अहवाल मागवावा.'

प्रभारी म्हणजे मी.

कुलसचिव कार्यालयातले हेडक्लार्क नियमाने चालणारे. त्यांनी मला माझ्या नावचं पत्र दिलं आणि म्हणाले, "हे प्रभारींना पोचवा आणि त्यांची पोच आणून द्या."

"साहेब, प्रभारी मीच आहे."

"ते मला माहीत आहे. रजिस्टरला माहीत नाही."

मग मी तळघरात गेले, माझ्याकडून पत्र घेतलं, मला पोच दिली आणि ती घेऊन पुन्हा दोन मजले चढले. हेडक्लार्कनी पोच नीट तपासली. सही जुळते का ते पाहिलं. मग हळूच, खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, एक ओळ लिहायची आहे. 'यंत्रात दहा सेकंदांपर्यंत फरक संभवतो.' कुणाच्या बापाला कळणार नाही."

खरंच कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्या यंत्रातलं विद्यापीठात फक्त मला कळतं. त्या रात्रीच्या जेवणात सगळ्यांचं एकमत होतं. हे म्हणाले, लिही. सासूबाई म्हणाल्या, लिही. नणंदेचा मुद्दाम फोन आला, "वहिनी, एवढं काय त्यात? मी तर वयही चार वर्षं कमी लिहिते." मी कागद पुढे घेतला. 'दहा सेकंदांपर्यंत फरक' एवढं लिहिलं आणि माझा हात थांबला. दीड वर्ष लोकांनी मला फोन करून सांगितलं होतं की तुमचं घड्याळ चुकतंय, आणि दीड वर्ष मी सांगितलं होतं की नाही चुकत. आता मीच लिहून द्यायचं? तेही ज्या दिवशी ते सगळ्यात छान चाललं होतं त्या दिवसाबद्दल? पोटच्या पोराला पहिला नंबर मिळावा आणि आपण शाळेत जाऊन सांगावं की यानं कॉपी केली, तसं ते वाटत होतं.

मी कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: 'त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं. अर्ज सात सेकंद उशिरा आला.' खाली सही केली. ह्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "अक्षर छान आलंय." आणि उठून चहाचे कप विसळायला गेले. हे कप विसळायला लागले की समजायचं, त्यांना वाईट वाटलंय.

अपील समिती कुलसचिवांच्या दालनात बसली. अध्यक्ष कायद्याच्या मॅडम, एक पदार्थविज्ञानाचे सर आणि टिपणं घ्यायला हेडक्लार्क. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. अर्जदार म्हणून की प्रभारी म्हणून, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

मॅडमनी माझा अहवाल वाचला. "अहो, हा तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध दिलाय?"

"हो मॅडम."

"मग अपील कशाला केलंत?"

मी अपिलाखालची माझीच सही पाहिली.

"पण हा अहवाल आपल्याला धरता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "स्वतःच्या प्रकरणात कुणाला स्वतः साक्ष देता येत नाही. घड्याळ बरोबर होतं की नाही, हे आपण स्वतंत्रपणे ठरवू." त्यांनी पदार्थविज्ञानाच्या सरांकडे पाहिलं. सरांनी बाही मागे सारली. सरांचं घड्याळ गेली तीस वर्षं पाच मिनिटं पुढे आहे. तास चुकू नये म्हणून त्यांनी ते एकदा पुढे केलं आणि पुढे ते मुद्दाम केलंय हे विसरले. त्यांनी समोरच्या कॉम्प्युटरवरची वेळ पाहिली, मनगट पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "यंत्रणा पाच मिनिटं मागे आहे. म्हणजे अर्ज प्रत्यक्षात पाच वाजून पाच मिनिटांनी आला."

सात सेकंद उशीर झालेली बाई मी. बसल्या जागी मला पाच मिनिटं उशीर झाला.

मॅडमनी मोबाईल काढला. माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. मोबाईलवर माझीच वेळ होती, सेकंदाला सेकंद. मला रडू यायचं बाकी राहिलं. पण त्या म्हणाल्या, "हा माझा खासगी फोन. तो कामकाजात घेता येणार नाही."

मग हेडक्लार्क खाकरले आणि त्यांनी पेनाने भिंतीकडे दाखवलं. कुलसचिवांच्या खुर्चीमागे एक गोल घड्याळ होतं. ते चार मिनिटं मागे होतं. ते उंच लावलंय, शिडी मागवायला वेगळा अर्ज लागतो, त्यामुळे त्याला कुणी हात लावत नाही. "मुदत कुलसचिवांनी जाहीर केली," हेडक्लार्क म्हणाले. "तेव्हा पाच म्हणजे या दालनातले पाच. या घड्याळाप्रमाणे अर्ज चार छप्पनला आला. चार मिनिटं आधीच."

खोलीत एकदम मोकळा वारा आल्यासारखं झालं. अर्ज स्वीकारला गेला. सगळ्यांनी माझ्याकडे हसून बघितलं. मीही हसले. मग मॅडमचं हसू थांबलं. "पण मग उद्या कुणी विचारेल, विद्यापीठात दोन वेळा कशा? एकच काय ती ठरवायला हवी." आणि तिथल्या तिथे ठराव झाला: विद्यापीठाची अधिकृत वेळ म्हणजे कुलसचिवांच्या दालनातील भिंतीवरची वेळ, आणि कायम होणाऱ्या तंत्रसहायकाने वेळयंत्रणा तिच्याशी जुळवून घ्यावी.

"मॅडम," मी उठून म्हणाले, "पण ते घड्याळ मागे आहे."

"बाई, ते मागे आहे म्हणून तुम्ही आत आहात," मॅडम म्हणाल्या. खरंच मायेने म्हणाल्या.

आठ दिवसांनी मुलाखत झाली. उमेदवार मी एकटी. बाकीच्यांनी अर्ज वेळेत केले होते, पण अनुभव फक्त मला होता. तेच दालन, तीच माणसं. मी आठवडाभर पुस्तकं घोकून गेले होते. रात्री ह्यांना प्रश्न विचारायला बसवायची. त्यांना त्यातले तांत्रिक शब्दही नीट वाचता येत नव्हते, तरी ते हनुवटीवर हात ठेवून परीक्षकासारखे ऐकत. पण मुलाखतीत एकच प्रश्न विचारला गेला. पदार्थविज्ञानाच्या सरांनी विचारला.

"सांगा बरं, आत्ता किती वाजले?"

अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. मला ते न बघता ठाऊक असतं. दीड वर्षांत अंगात भिनलंय. हेडक्लार्कनी टिपणवहीवरून डोळे वर केले. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला ह्यांचा हनुवटीवरचा हात आठवला. माळ्यावरची भांडी आठवली. पुढच्या वर्षीचं माझं वय आठवलं.

मी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अकरा वाजून अठरा."

"उत्तम," सर म्हणाले.

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी सासूबाईंनी ते पहिल्यांदा चष्मा लावून आणि दुसऱ्यांदा न लावता वाचलं. ह्यांनी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. समोरच्या काकू पुन्हा रुमालाखाली झाकून काहीतरी घेऊन आल्या. तोच रुमाल होता. सगळे खूश होते. मीही होते. खोटं कशाला बोलू, खूप होते.

रुजू झाल्याबरोबर मी तळघरात गेले. अँटेनाची वायर यंत्राच्या मागून काढली. दीड वर्षं गच्चीसाठी, किल्लीसाठी, डब्यासाठी भांडून जे जुळवलं होतं ते काढायला एक स्क्रू लागला. मग वर दालनात जाऊन भिंतीवरची वेळ मनगटी घड्याळावर घेतली, तांब्यातून पाणी न्यावं तशी जपून जिना उतरून खाली आणली आणि यंत्रात भरली. चार मिनिटं मागे. वायर काढल्यावर लाल झालेला दिवा क्षणभर थांबला आणि हाताने भरलेली वेळ मिळताच पुन्हा हिरवा होऊन लुकलुकायला लागला. शेकडो कॉम्प्युटरांनी विचारलं, किती वाजले गं? आणि त्याने सांगितलं. त्यांनी काही शंका न घेता ऐकलं.

मी खुर्चीत बसून राहिले. दहा मिनिटांनी फोन वाजला. कुलसचिव कार्यालयातून हेडक्लार्क होते. त्यांचा आवाज इतका प्रसन्न मी कधी ऐकला नव्हता.

"बाई, मुद्दाम फोन केला. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा तुमचं घड्याळ अगदी बरोबर चाललंय."

मी उभी राहिले आणि म्हणाले, "थँक्यू, साहेब."